भिंत घोटायची, मग घासायची

श्रीरामपूर तसे तरुण गाव. दौंड–मनमाड रेल्वे 1878 मध्ये सुरू झाली आणि बेलापूरसाठी पडलेल्या स्टेशनाभोवती ही पेठ वाढली. स्टेशनाचे नाव आजही बेलापूरच आहे. खरी बरकत आणली पाण्याने. 1926 मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस वाढला, हरेगावला साखर कारखाना चालला. उसाचा पैसा हातात आला की शेतकरी आधी घर बांधतो. त्या घरांच्या भिंतींवर आमच्या दोन पिढ्या जगल्या. वडील रंगारी होते, मी रंगकामाचे ठेके घेतो.

त्याआधीच्या वाड्यांचे काम वडिलांनी जुन्या गवंड्यांकडून ऐकले होते. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, वाळूबरोबर दगडी चाकाच्या घाणीत मळायचा. घाणी बैल ओढत. कुणी त्यात बेलफळाचे पाणी घाली, कुणी गुळाचे. शेवटचा हात ओला असतानाच गुरमाळ्याने आणि मग गोट्याने घोटत राहायचे, भिंतीला चकाकी येईपर्यंत. चुन्याने हात फुटत, डोळ्यात उडाला तर आग होई. पण घोटताना धूळ नसे, कारण सगळे काम ओल्यात चाले.

पुढे सिमेंटचा गिलावा आला. वडील दसरा-दिवाळीआधी चुन्यात डिंक आणि नीळ घालून सफेदी करत. भिंत थोडी खरबरीत राहिली तरी घरमालक काही बोलत नसे. डिस्टेंपर आला, प्लास्टिक पेंट आला आणि त्यामागून व्हाइट सिमेंटची पुट्टी. पुट्टीचे दोन हात पत्र्याने ओढायचे, वाळू द्यायचे आणि पॉलिश पेपरने घासायचे. माझ्या मते या धंद्याचे खरे वळण इथेच आहे: भिंत गुळगुळीत करायचे काम ओल्यातून कोरड्यात गेले. संध्याकाळी पोरांच्या पापण्या पांढऱ्या असत आणि तोंडाला फक्त रुमाल. रुमालातून बारीक धूळ आरपार जाते. पेपर खालच्या गिलाव्यापर्यंत पोचला तर वाळूतली सिलिकाही उडते, आणि ती फुप्फुसात बसली की निघत नाही.

यावरचा उपाय परदेशातून आला. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी 1894 मध्ये जिप्समच्या तक्त्याचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तिथली घरे बोर्डाची झाली आणि बोर्डांचे सांधे घासायला लांब दांड्याचा सँडर निघाला. तिथल्या 'नायॉश' या संस्थेने 1990 च्या दशकात हाताने घासणाऱ्यांभोवतीची धूळ मोजली. ती कायद्याच्या मर्यादेच्या दहा पटींपर्यंत भरली. व्हॅक्युम जोडलेल्या सँडरने ती 80 ते 97 टक्के घटली.

आपल्याकडे बोर्ड बहुतेक छतालाच, पण पुट्टीच्या भिंतीवरही हे यंत्र उत्तम चालते. साधारण 225 मिलिमीटरची चकती, तिच्या भोकांतून धूळ नळीवाटे व्हॅक्युममध्ये जाते. पुट्टी पुरती वाळलेली हवी, नाहीतर पेपर बुजतो. व्हॅक्युम आधी चालू करायचा. चकती सपाट ठेवायची. कड टेकली की भिंतीवर अर्धचंद्र उमटतो. जोर द्यायचा नाही, एका जागी थांबायचे नाही. आधी 120 नंबरचा पेपर, शेवटी 220. बाजूने दिवा धरला की राहिलेल्या लाटा दिसतात. कोपरे हातानेच करायचे. पेपर बदलताना प्लग काढायचा. आणि मास्क एन-95 चाच. यंत्र आहे म्हणून तो सुटत नाही. जुन्या ऑइल पेंटवर मात्र यंत्र लावूच नये. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासूनच लागू झाली. त्याआधीचा रंग ओला करूनच खरवडावा.

व्हॅक्युमसकट काम थोडे महाग पडते, म्हणून ठेकेदार नुसता सँडर आणतात आणि नळी मोकळी सोडतात. त्याने धूळ हाताच्या कामापेक्षा जास्त उडते. घर रंगवायला काढाल तेव्हा दरपत्रकात व्हॅक्युम आणि मास्क लिहून घ्या, आणि पहिल्या दिवशी नळी जोडलेली आहे का ते स्वतः बघा.