अप-डाऊनचे व्याकरण

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

कळमेश्वरात घर आणि नागपुरात नोकरी किंवा कॉलेज, अशा माणसाला विचारा, ‘‘सध्या काय चाललं आहे?’’ तो सहज सांगेल, ‘‘काही नाही जी, अप-डाऊन करून राहिलो.’’ नागपूर-इटारसी मार्गावरच्या या गावाला हा शब्द रेल्वेने दिला. अप गाडी म्हणजे चढणीवर जाणारी आणि डाऊन गाडी म्हणजे उतरणीला लागणारी, असे काही नसते. ती रेल्वेने ठरवलेल्या दिशांची नावे. पण आपल्या माणसाने ती दोन इंग्रजी क्रियाविशेषणे उचलली, त्यांना मराठीचे ‘करणे’ जोडले आणि रोजच्या जाण्यायेण्याला एक क्रियापद तयार केले. पुढे बसने जाणाराही ‘अप-डाऊन’च करू लागला.

हे ज्याला जमले, त्याच माणसाला शाळेत इंग्रजीची धास्ती का वाटली, हा आजचा प्रश्न आहे.

इंग्रजीच्या वहीतली दोन रकान्यांची यादी अनेकांना आठवत असेल. डावीकडे ‘पुट ऑन’, ‘पुट ऑफ’, ‘पुट आऊट’, ‘पुट अप विथ’. उजवीकडे कपडे घालणे, पुढे ढकलणे, विझवणे, सहन करणे. ‘पुट’ म्हणजे ठेवणे हे पाठ केलेले असते. मग एवढासा शब्द मागे लागताच अर्थ कुठल्या कुठे कसा जातो? उत्तर मिळते, ‘‘पाठ करा.’’ मुले पाठ करतात आणि विसरतात.

यात मुलांचा दोष नाही. खुद्द इंग्रजांनाही हा प्रकार अवघड वाटला होता. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश १७५५ साली निघाला. क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परक्या माणसाला सर्वांत जास्त अडवते, असे त्यांनी प्रस्तावनेतच लिहून ठेवले. या जोडशब्दांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव छापील रूपात मिळाले ते त्यानंतर एकशे सत्तर वर्षांनी, १९२५ मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकात.

ही रीत आली कुठून? जुन्या इंग्रजीत अशी अव्यये पुष्कळदा क्रियापदाच्या पुढच्या बाजूला चिकटून येत. ‘अपहोल्ड’, ‘ओव्हरकम’ हे शब्द त्याच्या खुणा आहेत. पुढे ती सुटी होऊन क्रियापदाच्या मागे जाऊ लागली. ‘गिव्ह अप’ हा प्रयोग बाराव्या शतकातल्या लेखनात सापडतो. त्याआधी, १०६६ मध्ये, इंग्लंडवर नॉर्मन सत्ता आली होती. दरबारात फ्रेंच आणि धर्मपीठात लॅटिन, अशी व्यवस्था झाली. त्या भाषांतून पुढे शेकडो भारदस्त शब्द इंग्रजीत शिरले. म्हणून आज एकाच क्रियेला दोन शब्द दिसतात. घरात ‘पुट ऑफ’, कचेरीत ‘पोस्टपोन’. घरात ‘पुट आऊट’, कचेरीत ‘एक्स्टिंग्विश’.

आता आपल्याकडे वळू. नागपुरात भोसल्यांचे राज्य असतानाच, १८४६ साली, स्टीफन हिस्लॉप यांनी शाळा काढली. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि इंग्रजी ही नोकरीची भाषा ठरली. ती आपल्याकडे आली पुस्तकातून आणि कचेरीतून. माजघरातून आली नाही. त्यामुळे आपण आधी शिकलो ते भारदस्त शब्द. अर्ज उत्तम लिहिता येतो, पण दोन इंग्रज सहज बोलू लागले की काही उमगत नाही, अशी आपल्या शिकलेल्या माणसाची गत झाली, ती यामुळे. कचेरीने एक जोडशब्द मात्र आपल्याला दिला. ‘‘फाईल पुट अप करा’’ हे वाक्य मराठी कारकुनाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

व्याकरणही त्याच काळात घडत होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणाचा आराखडा समोर ठेवून त्यांनी मराठीची मांडणी केली. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण अशा आठ खणांची सवय आपल्याला त्या परंपरेने लावली. हे काम फार मोठे होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याची चिकित्सा केली आणि १९११ मध्ये मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने ते पुढे नेले. पण वर्गात उरले ते खण. क्रियापद एका खणात, क्रियाविशेषण दुसऱ्या. दोन शब्द मिळून एक अर्थ देतात तेव्हा काय करायचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

वास्तविक आपल्या परंपरेला हा प्रश्न जुनाच. ‘हार’ या शब्दामागे उपसर्ग लावा. आहार, विहार, प्रहार, संहार. एक जेवणाचा, एक हिंडण्याचा, एक मारण्याचा, एक नाशाचा. ‘पुट’ची यादी याहून वेगळी काय आहे? उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो की नाही, यावर शाकटायन आणि गार्ग्य यांचा मतभेद यास्काच्या ‘निरुक्ता’त नोंदला आहे. शाकटायन म्हणतात, सुट्या उपसर्गाला अर्थ नाही. गार्ग्य म्हणतात, आहे. वेदांच्या भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून दूर, मध्ये दुसरे शब्द ठेवूनही येत असे. इंग्रज ‘टर्न इट ऑफ’ म्हणतो, तेव्हा तो असेच काही करत असतो. संस्कृतात उपसर्ग पुढे क्रियापदाला कायमचा चिकटला. इंग्रजीत चिकटलेला सुटला. प्रवास उलटे, पण रस्ता एकच.

संस्कृतही लांब वाटत असेल, तर रोजची मराठी घ्या. ‘लिहून घे’, ‘लिहून दे’, ‘लिहून ठेव’, ‘लिहून काढ’, ‘लिहून टाक’. लिहिण्याची क्रिया तीच. पण ‘घे’ म्हटले की ते आपल्यासाठी, ‘दे’ म्हटले की दुसऱ्यासाठी, ‘ठेव’ म्हटले की पुढच्या उपयोगासाठी, ‘काढ’ म्हटले की सगळे नीट उतरवून आणि ‘टाक’ म्हटले की एकदाचे संपवून. इंग्रज हेच काम अव्ययांकडून करून घेतो. तो ‘राइट डाऊन’ म्हणतो, ‘राइट आऊट’ म्हणतो. आई म्हणते, ‘‘खाऊन टाक.’’ इंग्रज आई म्हणते, ‘‘ईट अप.’’ इथे ‘अप’चा अर्थ वर नाही आणि ‘टाक’चा अर्थ फेकणे नाही. दोन्हींचा अर्थ एकच, काम पुरे कर.

आणि वैदर्भी बोली याच्याही एक पाऊल पुढे आहे. ‘‘काय करून राहिला?’’, ‘‘पाऊस येऊन राहिला.’’ इथे ‘राहणे’ म्हणजे मुक्काम नव्हे. क्रिया चालू आहे, एवढेच तो शब्द सांगतो. पुस्तकी मराठीने या बोलीला हसण्यावारी नेले. म्हणजे कळमेश्वरच्या मुलाची पंचाईत दुहेरी. त्याची मराठी अशुद्ध ठरली आणि इंग्रजी कच्ची ठरली. दोन्हीकडून ऐकलेला मुलगा मग तोंडच उघडत नाही. भाषा शिकण्यात याहून मोठे नुकसान नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. म्हणजे आता कोवळ्या वयापासूनच तिच्याशी गाठ पडते. शिक्षकांना आणि पालकांना एकच सुचवावेसे वाटते. ती दोन रकान्यांची यादी जरा बाजूला ठेवा. आधी मुलाला विचारा, ‘सोडणे’ आणि ‘सोडून देणे’ यात फरक काय? तो सांगेल, आणि बरोबर सांगेल. मग त्याला सांगा की ‘गिव्ह अप’मध्ये ‘अप’ जे करते, ते आपल्या ‘सोडून देणे’मध्ये ‘देणे’ करते. फरक जागेचा आणि जातीचा आहे. ते क्रियापदाच्या मागे अव्यय लावतात, आपण क्रियापदामागे दुसरे क्रियापद लावतो. पाठांतर त्यानंतरही लागेल, कारण कोणते अव्यय कोणाशी जुळते हे सवयीनेच कळते. पण आपल्याला न येणारे काही आपण घोकत आहोत, ही भीती जाईल.

संध्याकाळी शेतातून येणारा बाप मुलाला सांगतो, ‘‘मोटार ऑफ करून टाक.’’ इंग्रजी ‘ऑफ’, मराठी ‘करणे’ आणि वर पुन्हा ‘टाक’. तीन शब्दांत दोन भाषांचे व्याकरण मुलाला समजलेले असते आणि तो मोटार बंद करायला गेलेलाही असतो. शाळेने तिथून सुरुवात करावी.