नकाराची नोंद झाली, खिदमतीची नाही

भिगवणची ओळख सांगताना लोक आधी उजनीच्या फुगवट्यावर उतरणारे रोहित पक्षी सांगतात, मग मासळी बाजार. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, रेल्वे स्थानक असलेले हे इंदापूर तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. अशा गावांत आता सेवाभावी क्लबही असतात आणि त्यांच्या बैठकांच्या बातम्या तालुक्याच्या पानावर येतात. नवे अध्यक्ष, मावळते अध्यक्ष, शाल-श्रीफळ, रक्तदान, नेत्रतपासणी, वृक्षारोपण आणि शेवटी ‘यावेळी उपस्थित होते’ म्हणून नावांची लांबलचक ओळ. या बातम्यांना हसणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ती शेवटची ओळच मोलाची वाटते. पन्नास वर्षांनी इतिहास लिहायला बसणाऱ्याच्या हाती तीच लागते. ज्याचे नाव त्या ओळीत नाही, तो तिथे नव्हताच असे धरले जाते.

पोलिओच्या इतिहासात मुसलमानांचे असेच झाले आहे.

या क्लबांपैकी सर्वात जुना रोटरी. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन मित्रांना बोलावून पहिली बैठक घेतली. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत फिरायची, म्हणून नाव रोटरी. कोलकात्यात हा क्लब 1920 साली आला, मुंबईत 1929 साली. व्यापारी, डॉक्टर, वकील यांचे आठवड्याचे जेवण आणि थोडे दानधर्म, एवढेच त्याचे रूप बराच काळ होते. 1979 साली फिलिपिन्समध्ये पोलिओ लसीकरणाचे काम हाती घेतल्यावर चित्र बदलले. 1985 साली ‘पोलिओ प्लस’ ही मोहीम जाहीर झाली आणि 1988 साली जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. त्या वेळी सव्वाशे देशांत दरवर्षी साडेतीन लाखांच्या आसपास मुले या रोगाने पंगू होत होती.

या क्लबांवर संशय घेणारे फक्त मुसलमान होते असा समज आहे, तो खरा नाही. नाझी जर्मनीत 1937 साली रोटरी क्लब बंद पडले. 1951 च्या सुमारास व्हॅटिकनने कॅथलिक धर्मगुरूंना रोटरीचे सदस्य होण्यास मनाई केली. मुस्लिम जगातही 1970-80 च्या दशकांत काही उलेमांनी रोटरी-लायन्सला फ्रीमेसनशी जोडून फतवे दिले. बाहेरून आलेली, आपापसात ठरावीक दिवशी जमणारी मंडळी म्हटली की लोक बिचकतात, मग धर्म कोणताही असो.

भारतात 2 ऑक्टोबर 1994 रोजी दिल्लीत आणि डिसेंबर 1995 पासून देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. ते रविवार अनेकांना आठवत असतील. शाळेत, एसटी स्टँडवर, रेल्वे फलाटावर टेबल मांडलेले, बर्फाच्या डब्यात लस, बाळाच्या जिभेवर दोन थेंब आणि डाव्या करंगळीला शाई. दुसऱ्या दिवसापासून पथके घरोघर. ज्या घरातली सगळी मुले झाली त्यावर एक खूण, ज्या घरातले मूल राहिले किंवा नकार आला त्यावर फुली. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात खरी अडचण नकाराची नव्हती, फिरत्या माणसांची होती. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या कारखान्यांच्या उसावर बीड-नगरकडून आलेल्या टोळ्या उतरायच्या. आज या फडात, उद्या त्या फडात. त्यांच्या कोपीतले मूल ना गावाकडच्या यादीत, ना इथल्या. म्हणून कोप्या आणि वीटभट्ट्या वेगळ्या मोजाव्या लागल्या.

नकाराची गोष्ट दुसऱ्या मालेगावची, नाशिक जिल्ह्यातल्या. यंत्रमागाचे, मुस्लिमबहुल शहर. 1857 नंतर उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांनी ते वाढवले आणि तिकडचे नातेसंबंध आजही तुटलेले नाहीत. पश्चिम उत्तर प्रदेशात उठलेली अफवा तिथे पोहोचायला वेळ लागत नसे. अफवा एकच: या थेंबांनी मुले पुढे निपुत्रिक होतील. 2002 साली देशात सोळाशेच्या आसपास रुग्ण निघाले, त्यातले बहुसंख्य उत्तर प्रदेशात आणि तिथल्या रुग्णांत निम्म्याहून जास्त मुस्लिम मुले. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, ‘मुसलमानांचा विरोध’. 2010 साली मालेगावात रुग्ण सापडले तेव्हाही सूर तोच होता.

अफवा खोटीच होती, यात वाद नाही. पण ती रुजली कशी, हे विचारायला हवे. 1976 साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. त्याच वर्षी जानेवारीत बार्शीत शस्त्रक्रियांचे लक्ष्य गाठण्यासाठी बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांना नगरपालिकेच्या गाड्यांत कोंबून नेल्याच्या हकिकती नोंदल्या गेल्या आहेत. बार्शी भिगवणहून फार दूर नाही आणि ते शेतकरी बहुतेक मुसलमान नव्हते. दिल्लीतले तुर्कमान गेट, उत्तर प्रदेशातले मुझफ्फरनगर ही त्याच वर्षाची नावे. सरकारी माणूस सुई घेऊन दारात आला की काय होते, हे ज्यांनी पाहिले त्यांचीच नातवंडे 2002 साली पाळण्यात होती. त्यात गल्लीत गटार तुंबलेले, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि दर महिन्याला फक्त पोलिओचीच माणसे येतात. बायका विचारत, एवढीच काळजी का? प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. पुढे 2009 साली उत्तर प्रदेश-बिहारमधल्या 107 तालुक्यांत लसीबरोबर पाणी, स्वच्छता आणि अतिसाराचेही काम घेतले गेले, म्हणजे सरकारलाही तो प्रश्न शेवटी पटला.

समजूत घालण्याची रीतही आपल्याला नवी नव्हती. 1897 च्या प्लेगात पुण्यात गोरे सोल्जर घरात शिरून झडत्या घेत होते; त्याचा शेवट 22 जूनला रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. त्याच साथीत मुंबईत हाफकिन यांची लस घ्यायला लोक घाबरत होते. तेव्हा विशीतले तिसरे आगाखान यांनी आपल्या माणसांसमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नव्हे, अनेकदा. पाठोपाठ खोजा मंडळी पुढे आली. पुढे खुश्रू लॉज ही आपली वास्तूही त्यांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला दिली. आजची परळची हाफकिन संस्था ती हीच, आणि शंभर वर्षांनी पल्स पोलिओचे थेंब मोठ्या प्रमाणात पुरवणाऱ्यांत तिचेच नाव होते. लसीचा इतिहास सांगताना हा दुवा आपणही विसरतो, त्यामुळे दुसऱ्यांना दोष कसा द्यायचा?

2002 नंतर हीच रीत पुन्हा वापरली गेली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द कामात आले. रोटरीने उत्तर प्रदेशात उलेमांची समिती केली. इमामांनी जुम्याच्या बयानात लसीचा विषय घेतला, मशिदीच्या भोंग्यावरून तारीख पुकारली, स्वतः मुलांना थेंब पाजले. फुलीच्या घरात आत जाऊ शकत होत्या त्या मोहल्ल्यातल्याच बायका. एकाच दारावर चार-चार वेळा जाऊन, शिव्या खाऊन, पाचव्या वेळी त्या पुन्हा जात. 2009 साली देशात 741 रुग्ण होते, 2010 साली 42, 2011 साली एक. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावडा जिल्ह्यातली एक छोटी मुस्लिम मुलगी. 27 मार्च 2014 रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

आता या यशाची कागदपत्रे पाहा. रोटरीची आहेत, युनिसेफची आहेत, सरकारची आहेत. क्लबच्या बैठकीची वही असते, हजेरी असते, फोटो असतो. त्याबद्दल मला आकस नाही. त्यांनी पैसा उभा केला, उन्हात टेबले लावली आणि लिहूनही ठेवले. आपल्या जमातीच्या वहीत काय असते? चंदा, वर्गणी, शेडचा पत्रा, स्पीकरची दुरुस्ती. कोणत्या मशिदीतून कोणत्या तारखेला पुकारा झाला, कोणी कोणाचे दार उघडायला लावले, याची ओळ नाही. खिदमत गाजवू नये असे आपण म्हणतो. ते नीयतीपुरते ठीक आहे, पण हिशेब आपण पैशापैशाचा ठेवतोच ना? नकार मात्र बातम्यांनी छापला, म्हणून तो टिकला.

2020 साली हेच पुन्हा घडताना दिसले. मार्च-एप्रिलमध्ये तबलीगच्या नावाने जे बोलले गेले ते सर्वांच्या लक्षात आहे. त्याच मे महिन्यात इचलकरंजीच्या मुसलमानांनी ईदचा खर्च आवरून, जकातीचे पैसे एकत्र करून 36 लाख रुपये इंदिरा गांधी रुग्णालयाला दिले आणि तिथे दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. पुण्यात आझम कॅम्पसच्या मशिदीची जागा विलगीकरणासाठी देऊ केली गेली. किती जणांना आठवते?

मालेगाव, भिवंडी, मुंब्रा इथे त्या दशकात घरोघर फिरलेल्या बायका आज पन्नाशी-साठीत आहेत. कोणते दार आधी बंद होते, कोण काय म्हणाले, कशाने उघडले, हे त्यांना तोंडपाठ असेल. एक वही, एक दुपार आणि समोर चहा, एवढ्याने काम सुरू होते. तरुण मंडळींपैकी कोणी ते करणार असेल तर तारीख आणि मोहल्ल्याचे नाव तेवढे आधी लिहावे.