२२ नॅनोमीटरचा कण आणि १० मात्रांची कुपी

नॅनोतंत्रज्ञान लसनिर्मितीत आले ते कोविडच्या साथीत, असा एक समज सुशिक्षितांतही रूढ झालेला दिसतो. स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म कणात गुंडाळलेली आरएनए लस २०२० च्या अखेरीस अवतरली, तिच्यामागील संशोधनास २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि जणू या कथेचा आरंभ तेथूनच झाला! वस्तुस्थिती अशी की, विषाणूसारखा दिसणारा पण विषाणू नसलेला, मानवाने घडविलेला कण टोचून विषाणूजन्य रोग रोखण्याचे काम १९८६ पासून चालू आहे. ती लस कावीळ ‘ब’ची, म्हणजेच हिपॅटायटिस बीची. महाराष्ट्राबाहेर सेवा करताना या लशीशी माझा संबंध आला तो प्रयोगशाळेत नव्हे, फायलींत आणि आढावा बैठकींत. त्यामुळे तिचा इतिहास मी थोडा निराळ्या बाजूने पाहतो.

अमेरिकन संशोधक बारूच ब्लुमबर्ग हे कावीळ शोधतच नव्हते. माणसामाणसांतील रक्तप्रथिनांचे भेद अभ्यासताना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अपरिचित प्रथिन आढळले. १९६५ साली त्यांनी ते ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ या नावाने प्रसिद्ध केले. त्याचा संबंध काविळीशी आहे हे काही वर्षांनी उमगले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा रक्तात सुमारे २२ नॅनोमीटर व्यासाचे असंख्य गोल कण दिसू लागले. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) पूर्ण विषाणू त्याहून मोठा, ४२ नॅनोमीटरचा; तो १९७० मध्ये दिसला. मग हे छोटे कण कोणते? ती होती विषाणूची रिकामी टरफले. हा विषाणू आपले आवरण गरजेपेक्षा कितीतरी अधिक तयार करून रक्तात सोडून देतो. आत काहीच नसल्यामुळे ती टरफले रोग उत्पन्न करू शकत नाहीत; पण शरीराच्या संरक्षकदलाला शत्रूचा गणवेश मात्र ओळखू येतो.

पहिली लस याच तत्त्वावर निघाली. रोगवाहकांच्या रक्तातून टरफले वेगळी काढून, शुद्ध करून टोचायची. १९८१ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. परंतु ती मिळण्याचे आणि एड्सची पहिली वार्ता येण्याचे वर्ष एकच. परक्याच्या रक्तापासून केलेली लस लोकांना नकोशी वाटणे साहजिक होते. त्याच सुमारास शास्त्रज्ञांनी आवरणाचे जनुक यीस्टच्या पेशीत घातले, आणि तिच्यातून केवळ प्रथिन नव्हे, तर प्रथिन व स्निग्ध रेणू आपोआप एकत्र येऊन बनलेला २२ नॅनोमीटरचा कणच हाती आला. या स्वयंरचनेत सारे मर्म आहे. सुटे प्रथिन शरीराचे फारसे लक्ष वेधून घेत नाही. तेच सुमारे शंभर प्रतींनी एका गोलावर दाटीवाटीने बसले, की त्याची दखल घेतली जाते. १९८६ मध्ये ही लस बाजारात आली. त्या काळी तिला कोणी नॅनोतंत्रज्ञान म्हटले नाही, एवढेच.

शास्त्राचे काम येथे बव्हंशी संपले. भारतात मात्र ही लस येऊनही नसल्यासारखी होती, कारण आयात केलेल्या एका मात्रेला काही शे रुपये पडत. ज्या देशात या विषाणूच्या वाहकांची संख्या सुमारे ४ कोटी मानली जाते, तेथे ही किंमत म्हणजे नकारच. कोंडी फोडली हैदराबादेत के. आय. वरप्रसाद रेड्डी यांनी. शिक्षणाने ते इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. लसविद्येशी पूर्वसंबंध नाही. १९९३ मध्ये त्यांनी आईच्या नावाने ‘शांता बायोटेक्निक्स’ स्थापन केली. भांडवल दिले ते ओमानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, ही गोष्ट आपल्या अर्थव्यवस्थेविषयी बरेच सांगून जाते. ऑगस्ट १९९७ मध्ये लस बाहेर पडली, मात्रेस सुमारे पन्नास रुपयांना. हैदराबाद आणि पुण्यातील इतर उत्पादकही पुढे या क्षेत्रात उतरले व किंमत आणखी खाली आली. २००२-०३ मध्ये निवडक शहरांत आणि जिल्ह्यांत ती शासकीय लसीकरणात प्रायोगिक तत्त्वावर आली आणि २०११ मध्ये देशभर.

आता प्रशासनाचा भाग. बाधित मातेकडून नवजात बालकास संसर्ग झाला, तर दहापैकी नऊ बालकांत तो जन्मभर मुक्काम ठोकतो आणि पुढे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. म्हणून पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते. कुपी मात्र १० मात्रांची. लहानशा आरोग्य केंद्रात दिवसाला एखादेच बाळंतपण. एका बालकासाठी कुपी फोडली तर उरलेल्या नऊ मात्रांचे काय?

एका जिल्ह्याच्या आढावा बैठकीत एका वयस्क परिचारिकेने हेच सांगितलेले मला आठवते. कुपी उघडली तर महिनाअखेर ‘वाया गेलेल्या मात्रा’ या रकान्यात तिचे नाव येई आणि खुलासा द्यावा लागे. न उघडली तर कोणताच रकाना तिला काही विचारत नसे. बालकास संसर्ग झाला असता, तरी तो पंचवीस-तीस वर्षांनी, कुठल्या तरी दूरच्या रुग्णालयात उघडकीस येणार होता. तिचा हिशेब चुकीचा होता असे मला वाटत नाही. तक्ताच तसा होता. पुढे केंद्र शासनाने उघडलेली कुपी योग्य तापमानात, मुदत व स्वच्छता पाळून चार आठवडे वापरण्यास मुभा दिली. द्रवरूप लशीत परिरक्षक असल्याने हे शक्य होते. माझ्या मते या दोन पानी आदेशाचे मोल यीस्टच्या शोधाहून फार कमी नाही; पण त्यास नोबेल मिळत नसते. असो.

दुसरी अडचण थंडीची. लस म्हटली की जितकी गार तितकी बरी, हा संस्कार आपल्या यंत्रणेत पोलिओने रुजविला. पोलिओचे तोंडावाटे देण्याचे थेंब खरोखरच शून्याखाली ठेवतात. कावीळ ‘ब’चे कण मात्र ॲल्युमिनियमच्या क्षारावर चिकटविलेले असतात. लस गोठली की त्या क्षाराच्या गुठळ्या होतात आणि ती निरुपयोगी ठरते. वितळल्यावर पूर्ववत होत नाही. कुपीवरील रंग बदलणारी खूण उष्णतेची चुगली करते, गोठण्याची नाही. संशय आला तर कुपी हलवून गाळ किती लवकर तळाशी बसतो ते पाहायचे, एवढीच परीक्षा. बर्फाच्या पिशव्या शीतकपाटातून काढून, त्यांना घाम फुटेपर्यंत आणि आत पाणी खुळखुळेपर्यंत थांबून मगच पेटीत भराव्यात, हा नियम त्याकरिता. घाईच्या सकाळी तो पाळणे किती कठीण, हे ज्याने पेट्या भरल्या त्यालाच ठाऊक.

आरएनए लशींचा स्वभाव याच्या नेमका उलट. कोविडकाळातील एक प्रसिद्ध लस उणे ७० अंशांत, तर दुसरी उणे २० अंशांत साठवावी लागे. आपल्या देशातील २०० कोटींहून अधिक मात्रा दुसऱ्याच पद्धतींच्या, २ ते ८ अंशांत टिकणाऱ्या लशींच्या होत्या, यात आश्चर्य नाही. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने आरएनए लस गोठवून वाळविली आणि २ ते ८ अंशांत टिकेल अशी केली. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. म्हणजे थंडीचा प्रश्न निदान साठवणुकीपुरता सुटला. परंतु उघडलेल्या कुपीची चार आठवड्यांची मुभा गोवराच्या किंवा बीसीजीच्या वाळविलेल्या लशीस नाही. पाणी मिसळले की काही तासांत ती संपवावी लागते. नव्या कणांची कुपी किती मात्रांची असावी, हे त्यामुळे आताच विचारून ठेवले पाहिजे, आणि ते विचारताना बैठकीत एखादी परिचारिका बसलेली असावी.