मोहाचे फूल आणि सरकारी मोजमाप

परदेशात बार्लीच्या माल्टचा तयार अर्क डब्यात मिळतो. त्यात पाणी व यीस्ट मिसळून हौशी लोक घरीच बीअर आंबवतात आणि ती कडक हवी असल्यास साखर वाढवतात. आपल्याकडे सातपुड्याच्या कुशीत ही सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेस डोंगर सुरू होतो. तेथील आदिवासी वस्त्यांच्या जीवनात मोहाच्या झाडाला मोठे स्थान आहे. मार्च-एप्रिलच्या पहाटे गळणाऱ्या या फुलांत साखर आयतीच असते. धान्यासारखे मोड आणावे लागत नाहीत.

फुलांचा सडवा आंबू लागला, तरी त्याच्या कडकपणाला मर्यादा असते. मद्यार्क साधारण 12 ते 15 टक्क्यांवर गेला की बहुतेक यीस्टचे काम थांबते. त्यापुढे जायचे तर सडवा तापवून वाफ थंड करावी लागते. त्यालाच भट्टी म्हणतात. परंतु मोह म्हणजे केवळ दारू नव्हे. वाळवलेली फुले दुष्काळात अनेक घरांचे अन्न होत.

इंग्रजी अमलात या घरगुती कलेवर कराची दृष्टी पडली. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला आणि उरणच्या मोठ्या भट्ट्यांतून मोहाची दारू पुरवली जाऊ लागली. कर मद्याच्या कडकपणावर बसे, म्हणून तो काटेकोर मोजला जाई. दुकानांत मुख्यतः दोन प्रतींची दारू असे. त्यांत मद्यार्क आजच्या हिशेबाने सुमारे 43 व 23 टक्के भरतो. पुढे 1892 च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरच निर्बंध आले. वसई त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होती. दारू रोखण्याच्या नावाखाली गरिबाच्या अन्नालाही कुलूप लागले, हे येथे ध्यानात घ्यावे.

संग्रामपूर तेव्हा वऱ्हाडात होते. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात असले, तरी मुंबई इलाख्याबाहेर होते. त्यामुळे मोह कायदा तेथे लागू नव्हता. बुलढाणा जिल्हा 1956 साली मुंबई राज्यात आला व 1960 साली महाराष्ट्रात. आज राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा लागू असून परवान्यावाचून भट्टी लावणे गुन्हा आहे. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशाने मात्र 2022 साली मोहाच्या दारूला वारसा मद्य मानून आदिवासी बचत गटांना ती गाळण्याची वाट मोकळी केली. गोव्याच्या काजू फेणीला तर 2009 सालीच भौगोलिक मानांकन लाभले होते.

दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपण पाहिली आहेत. त्या दुःखाचे समर्थन कोणी करू नये. 2015 साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरावर बळी घेतले. ते विष मिथेनॉलचे होते, मोहाचे नव्हे. इतिहास एवढेच सांगतो की, मद्याचा कडकपणा मोजणाऱ्या सरकारने ते फूल कोणाच्या चुलीवर शिजते, हे फारसे पाहिले नाही. यापुढे कायदा करताना पहिला प्रश्न त्या चुलीचा असावा.