लिस्बनचा अबोला

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली, हे आपण सारे जाणतो. ती संपल्याचे लिस्बनने मान्य केले ते मात्र तेरा वर्षांनी. त्या मधल्या काळाकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

भांडणाचे मूळ एका शब्दात होते. १९५१ साली सालाझार राजवटीने राज्यघटनेतला ‘वसाहत’ हा शब्दच काढून टाकला आणि गोव्याला सागरपार प्रांत म्हटले. स्वतःचाच प्रांत सोडण्याची बोलणी कोण करणार? भारताने १९५३ साली लिस्बनमधील वकिलात बंद केली. १९५५ साली राजनैतिक संबंधही तुटले.

१९६१ साली सालाझार यांचा हुकूम अखेरपर्यंत लढण्याचा होता. गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्वा यांनी तो मोडून शरणागती पत्करली, त्यामुळे पुष्कळ जीव वाचले. मायदेशी त्यांच्या वाट्याला बडतर्फी आली. ३,००० हून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी १९६२च्या मे महिन्यापर्यंत गोव्यातच अडकून राहिले.

या अबोल्याची झळ घराघरांतही पोचली. बांकू नासियोनाल उल्ट्रामारिनू या बँकेत गोवेकरांनी कर्जासाठी गहाण ठेवलेले दागिने लष्करी कारवाईपूर्वीच लिस्बनला नेण्यात आले होते. कर्ज फेडायचे म्हटले तरी दागिना हाती कोण देणार?

कोंडी फुटली ती २५ एप्रिल १९७४च्या क्रांतीने. पोर्तुगीजांनी स्वतःच आपली हुकूमशाही उलथवली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत मारियू सुआरिश आणि आपले यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मागील तारखेपासून मान्य केले. भाषा आणि वास्तूंच्या जतनाचीही बोलणी करारात आली. गहाणाचे सोने परत यायला मात्र १९९१ साल उजाडले. तोवर एक पिढी सरली होती.

आज मुक्तीपूर्वी जन्मलेल्या आजीआजोबांच्या नोंदी शोधून गोव्यातील कित्येक तरुण पोर्तुगीज नागरिकत्व घेतात. त्यांना दोष देण्यापूर्वी हा इतिहास आठवावा. आपला झगडा एका राजवटीशी होता, पोर्तुगीज माणसाशी नव्हता. आणि ती राजवट जशी आपल्याला जाचली, तशीच त्यालाही जाचली होती.