अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधून हॉटेल मॅनेजमेंट: प्रवेशाआधी डिग्रीचं पूर्ण नाव का वाचायचं?

हॉटेल मॅनेजमेंट म्हटलं की आपल्याकडे एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा आणि दादरचं आयएचएम आठवतं. अमेरिकेत याच क्षेत्रात शिरायचा एक कमी खर्चाचा रस्ता आहे, कम्युनिटी कॉलेजचा.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे साधारण दोन वर्षांची डिग्री देणारं, बहुतेकदा सरकारी मदतीवर चालणारं स्थानिक कॉलेज. आज सुरू असलेल्यांपैकी सर्वांत जुनं सरकारी कॉलेज इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज, १९०१ सालचं.

इथे शिकवतात काय? फक्त स्वयंपाक नाही. फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, अकाउंट्स, कामगार कायदे आणि खर्चाचं गणित. उदाहरणार्थ, एका डिशच्या सामानाला ४ डॉलर लागले आणि सामानाचा खर्च विक्रीच्या ३० टक्क्यांत बसवायचा असेल, तर किंमत साधारण १३ डॉलर ठेवावी लागते. अनेक मुलं इथेच अडकतात, कारण ती शेफ व्हायच्या स्वप्नाने आलेली असतात! काही कॉलेजांत विद्यार्थीच चालवतात असं रेस्टॉरंटही असतं. ऑर्डर घेणारे, वाढणारे, बिल करणारे सगळे विद्यार्थी. अन्नसुरक्षेचं 'सर्व्हसेफ' सर्टिफिकेटही अनेक ठिकाणी याच काळात काढून घेतात.

आता खरी मेख. दोन वर्षांत साधारण ६० क्रेडिट्स पूर्ण केले की 'असोसिएट' डिग्री मिळते, पण ती एकाच प्रकारची नसते. 'असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स' ही थेट नोकरीसाठी बनवलेली. तिचे सगळे क्रेडिट्स पुढे युनिव्हर्सिटी धरेलच असं नाही. 'असोसिएट ऑफ सायन्स' किंवा 'आर्ट्स' सहसा पुढच्या बॅचलर्सचा विचार करून आखलेली असते. दोन्हींवर हॉस्पिटॅलिटीच लिहिलेलं असू शकतं. फरक न बघता प्रवेश घेतला, तर पुढे काही विषय पुन्हा, पुन्हा फी भरून, शिकावे लागू शकतात.

म्हणून कॉलेज आणि युनिव्हर्सिटी यांच्यात क्रेडिट ट्रान्सफरचा लेखी करार आहे का, हे आधी विचारा. लास व्हेगासमध्ये कॉलेज ऑफ सदर्न नेवाडा आहे आणि त्याच शहरात हॉटेल शिक्षणासाठी नावाजलेली युएनएलव्ही युनिव्हर्सिटीही. पण शहर एक असलं तरी कोणता विषय कशाच्या बदल्यात धरणार, याची यादी मागून घ्यायचीच.

भारतातून जाणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. स्वस्त फी ही मुख्यतः त्या राज्याच्या रहिवाशांसाठी, परदेशी विद्यार्थ्यांना कितीतरी जास्त भरावी लागते. एफ-१ व्हिसावर सेमिस्टर सुरू असताना कॅम्पसवरच आणि आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. बाहेरच्या हॉटेलात परवानगीशिवाय शिफ्ट केली, तर व्हिसाच धोक्यात. डिग्रीनंतर ओपीटीखाली १२ महिन्यांपर्यंत काम करता येतं. इंजिनिअरिंगवाल्यांना मिळणारी २४ महिन्यांची 'स्टेम' मुदतवाढ हॉस्पिटॅलिटीला सहसा लागू होत नाही.