सातारा-सांगलीतील शेकाप : नेतृत्वाचा न सुटलेला पेच

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात काँग्रेसला बहुजन शेतकऱ्यांमधून पहिले संघटित आव्हान मिळाले ते शेतकरी कामगार पक्षाचे. 1952 च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेत पक्षाचे 14 आमदार आले, 1957 मध्ये ते 31 झाले आणि 1962 मध्ये पुन्हा 15 वर आले. या चढउताराचे श्रेय व दोष सहसा संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेला दिला जातो. ते खरेच आहे, पण पुरेसे नाही. ज्या जिल्ह्याने प्रतिसरकार उभे केले, त्याच जिल्ह्यात या पक्षाला आपला नेता टिकवता का आला नाही, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

येथे जिल्हा म्हणजे जुना, अखंड सातारा. 1949 मध्ये त्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. 1943 ते 1946 या काळात या मुलखात न्यायदान मंडळे चालली, तुफान सेना उभी राहिली, कमी खर्चाचे गांधी विवाह लागले. क्रांतिसिंह नाना पाटील या चळवळीचा चेहरा होते. तलाठ्याची नोकरी सोडून आलेला, सत्यशोधक चळवळीत घडलेला आणि रांगड्या बोलीत सभा जिंकणारा हा माणूस. मात्र चळवळ त्यांच्या एकट्याच्या हुकमावर चालत नव्हती. कुंडल, वाळवा, कराड, वाई अशा ठिकाणचे गट आपापल्या जबाबदारीवर काम करत. लोकांचा विश्वास व्यक्तीवर आणि कारभार मात्र गटांकडे, अशी ती घडण होती.

सप्टेंबर 1946 मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी काँग्रेसच्या आतच शेतकरी संघ स्थापन केला. पुढे काँग्रेसने पक्षांतर्गत संघटित गटांना मज्जाव केला आणि 1948 पर्यंत ही मंडळी बाहेर पडून शेकाप स्वतंत्रपणे उभा राहिला. नाना पाटील त्यात आले. मात्र किसन वीरांसारखे प्रतिसरकारमधले त्यांचे सहकारी काँग्रेसमध्येच राहिले. म्हणजे पक्षाच्या जन्मातच साताऱ्याची चळवळ दुभंगली होती.

1950 मध्ये नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारणारा प्रबंध मंजूर केला. ‘दाभाडी प्रबंध’ म्हणून तो ओळखला जातो. शंकरराव मोरे हे या विचाराचे प्रमुख प्रवक्ते. त्यानंतर भांडण दोन बाजूंनी पेटले. जेध्यांना पक्ष बहुजन शेतकऱ्यांचा व्यापक मंच म्हणून हवा होता. दुसरीकडे दत्ता देशमुख आणि नवजीवन संघटनेचा गट यांचे नेतृत्वाशी पटेना. 1951 च्या सुमारास हा गट फुटला, कामगार किसान पक्ष निघाला आणि नाना पाटील त्याच्याबरोबर गेले. 1954 मध्ये जेधे काँग्रेसमध्ये परतले. पुढे खुद्द मोरेही परतले आणि 1962 मध्ये पुण्यातून काँग्रेसचे खासदार झाले. प्रबंध राहिला, प्रवक्ता गेला!

या फाटाफुटीतून शेकापने काढलेला मार्ग लक्षात घेण्याजोगा आहे. दुसरा नाना किंवा दुसरा जेधे शोधण्याऐवजी पक्षाने व्यक्तीपेक्षा भूमिका आणि पद यांवर भर दिला. सरचिटणीस हे पक्षातले सर्वांत वजनदार पद ठरले. जो पक्ष एकामागून एक पुढारी गमावतो, त्याने असा बंदोबस्त करावा हे स्वाभाविकच. त्यामुळे पक्ष नामशेष होण्यापासून वाचला. पण गावाचे गणित वेगळे होते. वाळवा-तासगावच्या शेतकऱ्याने नानांना मान दिला तो कोणताही प्रबंध वाचून नव्हे. 1957 मध्ये साताऱ्याने त्यांना लोकसभेवर पाठवले, तेव्हा ते कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार होते. पक्ष बदलला तरी माणूस तोच, एवढे मतदाराला पुरले.

त्याच निवडणुकीत कराड उत्तरमध्ये यशवंतराव चव्हाण शेकापच्या केशवराव पवारांविरुद्ध जेमतेम निसटले. शेजारच्या कराड दक्षिणमध्ये रेठऱ्याचे यशवंतराव मोहिते शेकापच्या तिकिटावर दुसऱ्यांदा निवडून आले. तरुण, अभ्यासू आणि गावोगावी माणसे असलेला हा नेता पक्षाचे भवितव्य ठरू शकला असता. पण महाराष्ट्र राज्य झाले आणि मोहिते काँग्रेसमध्ये गेले. त्याला निव्वळ सत्तालोभ म्हणून सोडून देता येणार नाही. सहकारी कारखाना, पाणी, कर्ज, शाळा या शेतकऱ्याच्या गरजांची दारे आता सत्तेच्या वाड्यातून उघडत होती. 1962 मध्ये सातारची लोकसभेची जागाही काँग्रेसच्या किसन वीरांकडे गेली. नाना 1967 मध्ये पुन्हा खासदार झाले, पण बीडमधून.

मग राहिले कोण? वाळवा तालुक्यातल्या ढवळी गावचे एन. डी. पाटील. 1948 पासून ते पक्षात होते आणि अखेरपर्यंत हलले नाहीत. 1969 ते 1978 आणि पुन्हा 1985 ते 2010 असे दीर्घकाळ ते सरचिटणीस होते. मधल्या काळात, 1978 मध्ये, पुलोद सरकारात ते सहकारमंत्री झाले. ज्या सहकाराच्या ओढीने पक्षाचे बळ घटले, तेच खाते त्यांच्याकडे यावे, हा इतिहासाचा विनोदच. त्यांच्या चारित्र्याविषयी विरोधकांनाही शंका नव्हती. तरीही या सांगलीच्या माणसाला 1985 मध्ये विधानसभेत पाठवले ते कोल्हापूरने. पक्षाचा सर्वांत मोठा माणूस वाळव्याचा आणि पक्षाचे बालेकिल्ले मात्र अलिबाग व सांगोल्यात, अशी स्थिती झाली.

शेकापची गोष्ट सांगताना ‘भाऊबंदकीने पक्ष बुडाला’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. सातारा-सांगलीचा दाखला वेगळे सांगतो. तेथील भांडण खुर्चीपुरते नव्हते. नेत्याने उत्तर कोणाला द्यायचे, ठरावाला की गावाला, असा तो वाद होता. नानांनी गाव धरले आणि पक्ष सोडला. मोहित्यांनी गावासाठी सत्ता धरली. एन. डी. पाटलांनी ठराव धरला आणि आयुष्यभर गावासाठीच भांडले, पण बहुतेक वेळा सत्तेबाहेर राहून. तिघेही एकाच कृष्णाकाठचे. तिघांना एका छपराखाली ठेवील अशी रचना मात्र त्या पक्षाला साधली नाही, आणि त्याची किंमत पक्षाइतकीच त्या शेतकऱ्यानेही मोजली. काँग्रेसला त्याच्याच भाषेत जाब विचारणारा बलवान विरोधी पक्ष या दोन जिल्ह्यांत पुढे फार काळ उरला नाही.